ताण, बहार आणि तग : वनस्पतींविषयीच्या नव्या लेखनाची भाषा

वनस्पती कशा जगतात, पाण्याची टंचाई, पूर, आग, कीड अशा संकटांत कशा टिकतात आणि त्यांची ही क्षमता कशी घडत आली, याविषयीचे संशोधन गेल्या दोन-तीन दशकांत फार पुढे गेले आहे. त्याचे पडसाद आपल्या वृत्तपत्रांत, रविवारच्या पुरवण्यांत, पाठ्यपुस्तकांत आणि विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर सतत उमटत असतात. प्रस्तुत लेखकाचा विषय वनस्पतिशास्त्र नसून मराठी व उर्दू या दोन भाषांचे अध्यापन हा आहे. म्हणून या संशोधनाची शास्त्रीय चिकित्सा करण्याचा येथे हेतू नाही. मात्र हे संशोधन ज्या भाषेतून आपल्यापर्यंत पोहोचते त्या भाषेची चिकित्सा करणे हे भाषेच्या अध्यापकाचे कामच आहे, आणि ते पुरेशा गांभीर्याने झालेले नाही असे वाटते.

या लेखनात दोन दोष ठळकपणे दिसतात. पहिला, झाडाला माणूस करून टाकण्याचा. दुसरा त्याच्या अगदी उलट, म्हणजे कोशातल्या परिभाषेने झाड दिसेनासे करण्याचा. पहिल्या प्रकारात वाचकाचे मन हेलावते, दुसऱ्या प्रकारात त्याला परीक्षेत गुण मिळतात. पण झाडात नेमके काय घडते ते दोन्ही प्रकारांत कळत नाही. तिसरा मार्ग आपल्या शेतशिवाराच्या भाषेत पूर्वीपासून आहे. त्याकडे लक्ष वेधावे एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

सिल्वासासारख्या ठिकाणी हा प्रश्न केवळ शैलीचा राहत नाही. दादरा आणि नगर हवेलीच्या या भागात जून ते सप्टेंबर भरपूर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. इथले प्रत्येक झाड वर्षातून एकदा पुराची आणि एकदा तहानेची परीक्षा देते. सिल्वासाजवळच्या वासोण्याचे नाव घेतले की पर्यटकाला तिथली सिंहांची सफारी आठवते. सिंहाच्या मागे उभे असलेले रान कोणाच्या आठवणीत राहत नाही. पण वासोणा, खानवेल या बाजूने महाविद्यालयात येणाऱ्या वारली, कोकणा, धोडिया घरांतील मुलांनी ते रान आणि त्यालगतची भातशेती लहानपणापासून पाहिलेली असते. त्यांच्या घरी जे ज्ञान आहे ते आणि पुस्तकात जे ज्ञान आहे ते एकच आहे, हे त्यांना कळणार की नाही, हे बरेचसे शब्दांवर अवलंबून आहे.

१. 'किंचाळणारी' झाडे

मार्च २०२३ मध्ये 'सेल' या नियतकालिकात तेल अविव विद्यापीठातील लिलाख हदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. टोमॅटो आणि तंबाखूची रोपे पाणी तोडल्यावर किंवा खोड कापल्यावर बारीक, तुटक आवाज करतात, असे त्यांनी संवेदनशील ध्वनिग्राहकांनी नोंदवले. हे आवाज साधारण ४० ते ८० किलोहर्ट्‌झ या पट्ट्यातले असल्यामुळे माणसाच्या कानाला ऐकू येत नाहीत. तहानलेल्या टोमॅटोच्या रोपातून तासाला ३० ते ५० आवाज निघत होते. पाणी दिलेल्या रोपातून तासाला एकसुद्धा मुश्किलीने निघत होता.

'झाडे रडतात', 'झाडे किंचाळतात' अशा अर्थाचे मथळे त्यानंतर जगभर झळकले. आता निबंधात काय होते ते पाहू. या आवाजांचे संभाव्य कारण म्हणून संशोधकांनी एका भौतिक घटनेकडे बोट दाखवले आहे. मुळांपासून पानांपर्यंत पाणी अतिशय बारीक नळ्यांतून चढते. पानांतून वाफ होऊन पाणी बाहेर जाते आणि खालचे पाणी वर ओढले जाते. म्हणजे नळीतला पाण्याचा धागा कायम ताणलेला असतो. डिक्सन आणि जोली यांनी १८९४ साली मांडलेला हा सिद्धान्त आज सर्वत्र स्वीकारला गेला आहे. जमीन कोरडी पडली की ओढ वाढते, धागा एखाद्या ठिकाणी तुटतो आणि तिथे हवेचा बुडबुडा तयार होतो. त्या क्षणी जो धक्का बसतो त्याचाच हा आवाज असावा. अशा नळ्या फार निकामी झाल्या तर फांदी वाळते.

'किंचाळणे' या शब्दाने वाचकाला झाडाची दया येते हे खरे. पण पाण्याचा ताणलेला धागा, त्याचे तुटणे आणि वाळणाऱ्या फांदीचे खरे कारण हे सगळे त्या एका शब्दाखाली दडून जाते. किंचाळण्याला कोणीतरी किंचाळणारा लागतो, ऐकणारा लागतो, हेतू लागतो. यांपैकी एकही गोष्ट त्या प्रयोगात सिद्ध झालेली नाही. आसपासचे कीटक किंवा प्राणी हा आवाज टिपू शकत असतील का, हा प्रश्न संशोधकांनी विचारलेला आहे, आणि तो विचारण्याजोगा आहे. आपल्या मराठीत तडतड, कटकट, पटपट असे नादानुकारी शब्द विपुल आहेत. 'तहानलेले रोप तडतडते' असे म्हटले असते तर ते खरेही झाले असते आणि वाचनीयही.

२. लाजाळू आणि छुईमुई

झाडाला भावना चिकटवण्याची सवय मथळेकारांनी सुरू केली असे समजण्याचे कारण नाही. ती आपल्या नावांतच आहे. स्पर्श होताच पाने मिटणाऱ्या झुडपाला मराठीत 'लाजाळू' म्हणतात. त्याच्या लॅटिन नावातही लाजेचा अर्थ आहे. उर्दूत त्याच झुडपाला 'छुईमुई' म्हणतात : शिवली, की मेली. दोन्ही नावे गोड आहेत. परंतु भाषेच्या अभ्यासकाने त्यांतला फरक पाहावा. मराठी नाव झाडाच्या मनात काय आहे ते सांगू पाहते. उर्दू नावात अतिशयोक्ती आहे, पण आधी काय झाले आणि नंतर काय झाले याचा क्रम त्यात शाबूत आहे.

या झुडपाने आपल्या देशाच्या विज्ञानात मोठे काम केले आहे. जगदीशचंद्र बोस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वनस्पतींच्या विद्युत प्रतिसादांचे जे प्रयोग केले त्यांत लाजाळूला महत्त्वाचे स्थान होते. 'बोस यांनी वनस्पतींना जीव असतो हे सिद्ध केले' असे वाक्य आजही निबंधांतून आणि भाषणांतून सर्रास ऐकू येते. वनस्पती सजीव आहेत याविषयी बोस यांच्या आधीही कोणाला शंका नव्हती. बोस यांनी बाहेरून झालेल्या आघाताला ऊती कसा प्रतिसाद देतात ते मोजून दाखवले. १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या नावातच 'प्रतिसाद' हा संयत शब्द आहे. पुढे त्यांनी वनस्पतींच्या चेतासंस्थेची भाषा वापरली आणि तिच्यावर त्यांच्या हयातीतच वाद झाले, हेही नमूद केले पाहिजे. म्हणजे या वादाचे मूळही शब्दातच होते.

२०२२ साली जपानमधील मासात्सुगु तोयोता आणि सहकाऱ्यांनी लाजाळूवरील नवे प्रयोग प्रसिद्ध केले. पानाला इजा झाली की कॅल्शियमचा आणि विजेचा संकेत पानातून धावत जातो आणि तो पानांच्या देठांशी असलेल्या फुगीर सांध्यांपर्यंत पोहोचला की त्या पेशींतील पाणी निघून पान मिटते, हे त्यांनी दृश्य रूपात दाखवले. ज्या रोपांची ही हालचाल बंद केली होती त्यांची पाने किड्यांनी अधिक खाल्ली. तेव्हा ज्याला आपण लाज म्हणत आलो तो बचाव आहे. नाव बदलण्याची गरज नाही. 'लाजाळू' हे नाव राहील आणि राहावे. मात्र वर्गात ते नाव उच्चारल्यानंतर पुढचे वाक्य लाजेचे नसावे.

३. 'ताण' या एका शब्दाचे तीन अर्थ

या सर्व संशोधनाचा मध्यवर्ती शब्द म्हणजे 'ताण'. इंग्रजीतून तो मराठीत आला असे पुष्कळांना वाटते. वृत्तपत्री लेखनात तो मानसशास्त्राच्या वाटेने येतो : नोकरीचा ताण, परीक्षेचा ताण, मनावरचा ताण. त्यामुळे 'झाडांवरील ताण' म्हटल्याबरोबर वाचकाच्या डोळ्यांपुढे एक दुःखी झाड उभे राहते.

पण मराठीत 'ताण'चे आणखी दोन अर्थ आहेत. एक दोरीचा. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात दोरीतील ओढीला ताण म्हणतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे झाडाच्या नळीतले पाणी याच अर्थाने, अक्षरशः, ताणलेले असते. पावसाने दडी मारली की 'पावसाने ओढ दिली' असे आपण म्हणतो; तीही हीच ओढ.

दुसरा अर्थ बागेचा. महाराष्ट्रातील संत्रा, मोसंबी, लिंबू, डाळिंब पिकवणारा बागाईतदार आपल्या झाडांना 'ताण देतो'. म्हणजे जमिनीचा मगदूर पाहून साधारण महिना-दोन महिने पाणी तोडतो. पाने पिवळी पडतात, गळतात, झाडाची वाढ थांबते. मग तो खत घालून पाणी सोडतो. याला 'ताण तोडणे' म्हणतात. त्यानंतर झाड फुलांनी भरून येते. ही 'बहार धरणे'. आंबे बहार, मृग बहार आणि हस्त बहार असे तिचे तीन हंगाम ठरलेले आहेत.

येथे ताण हे संकट आहे, पण मोजून दिलेले. त्याला सुरुवात आहे, शेवट आहे आणि परिणाम आहे. कमी दिला तर फूल येत नाही, जास्त दिला तर झाड जाते. आजचे संशोधन नेमके हेच तपासते : किती ताण, किती दिवस, वाढीच्या कोणत्या अवस्थेत आणि त्यातून झाडात कोणता बदल. पाण्याची ओढ बसली किंवा गारवा मिळाला की लिंबूवर्गीय झाडांत फुलोऱ्याचा संकेत देणाऱ्या एका जनुकाचे काम वाढते, असे अलीकडे दिसून आले आहे. बागाईतदाराला जनुक ठाऊक नव्हते, पण वाक्यरचना ठाऊक होती.

आणि 'बहार' हा शब्द कोठला ? फारसीतून उर्दूत आणि मराठीत आलेला. उर्दू कवितेत बहार म्हणजे वसंत ऋतू. तो आपोआप येतो. मराठी बागेत बहार 'धरावी' लागते, तीही ताण देऊन. 'मगदूर', 'हंगाम', 'खरीप', 'रब्बी', 'जिराईत', 'बागाईत', 'कलम' हे सारे शब्द याच घराण्यातले. अरबी 'मशक्कत' म्हणजे कष्ट. तिची मराठीत 'मशागत' झाली आणि जमिनीच्या निगेला ते नाव मिळाले. उर्दू माध्यमातून शिकून आलेल्या विद्यार्थ्याला शेतीची मराठी परकी वाटण्याचे काहीच कारण नाही. तिच्यातील निम्मे नातेवाईक त्याच्या ओळखीचे आहेत, फक्त ती ओळख कोणीतरी करून द्यावी लागते.

४. परिभाषेची अडचण

आता दुसऱ्या दोषाकडे वळू. झाडात पाणी चढवणाऱ्या ऊतीला मराठी विश्वकोशात 'प्रकाष्ठ' म्हटले आहे. शालेय पुस्तकांत 'जलवाहिनी' हा शब्द रूढ झाला. दोन्ही संस्कृतोद्भवच. पण 'जलवाहिनी' ऐकताच ती काय करते ते कळते. 'प्रकाष्ठ' पाठ करावे लागते. उर्दूतही हाच प्रकार आहे. वनस्पतिशास्त्राला 'नबातियात' म्हणतात, ते समजते, कारण 'नबातात' म्हणजे उगवणाऱ्या गोष्टी हे ठाऊक असते. प्रकाशसंश्लेषणाला 'जियाई तालीफ' म्हणतात, तेथे मात्र बहुतेक विद्यार्थी अडखळतात.

परिभाषा नसावी असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. उस्मानिया विद्यापीठाच्या उर्दू माध्यमासाठी १९१७ साली हैदराबादेत अनुवाद विभाग सुरू झाला, तेव्हा हाच वाद तेथे रंगला होता. अरबी-फारसीतून शब्द घडवावेत, की लोकांच्या बोलण्यातील देशी घटकही वापरावेत ? वहीदुद्दीन सलीम यांनी 'वज्‌ए-इस्तिलाहात' या ग्रंथात उर्दूच्या स्वतःच्या घडणीला धरून, देशी उपसर्ग-प्रत्ययांसह शब्द बनवण्याची बाजू मांडली. हा ग्रंथ प्रकाशित करणाऱ्या अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचे काम त्या काळी औरंगाबादेतून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून, चालत असे. महाराष्ट्राच्या भूमीत झालेला हा विचार मराठी परिभाषाकारांनी आणि उर्दू शिक्षकांनी एकत्र बसून वाचावा असा आहे.

याहून जुना दाखला अबू हनीफा दीनवरी यांचा. नवव्या शतकातील हे विद्वान भाषाशास्त्रीही होते आणि वनस्पतींचे अभ्यासकही. त्यांच्या 'किताबुन्नबात' या बहुखंडी ग्रंथाचा काही भागच आज उपलब्ध आहे. वाळवंटातील बदाऊ लोक कोणत्या झुडपाला काय म्हणतात, ते कोठे उगवते, जनावरे ते खातात की नाही, अशा नोंदींवर तो उभा आहे. शब्दांचा शोध घेता घेता त्यांनी वनस्पतिशास्त्र लिहिले. मराठीत मारुती चितमपल्ली यांनी वननोकरीच्या काळात आदिवासींकडून आणि वनमजुरांकडून शब्द गोळा केले, ती वृत्ती याच जातीची.

५. मेलेले नाही, थांबलेले

शब्दाची निवड किती महत्त्वाची असते याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या सह्याद्रीतच आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील मंदार दातार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये पश्चिम घाटातील अशा ६२ वनस्पतींची नोंद प्रसिद्ध केली, की ज्या जवळजवळ पूर्ण वाळूनही पाणी मिळताच पुन्हा हिरव्या होतात. भारतातून पूर्वी अशा केवळ नऊ जाती ज्ञात होत्या. या ६२ पैकी १६ भारताबाहेर आढळत नाहीत, आणि त्यांतल्या १२ केवळ पश्चिम घाटाच्या कातळांवर सापडतात. उघडे कातळ आणि झाडांची खोडे ही त्यांची घरे. अशा वनस्पती आपल्यातील ९५ टक्क्यांपर्यंत पाणी गमावूनही जिवंत राहू शकतात.

इंग्रजीत त्यांना जे लोकप्रिय नाव आहे त्याचा अर्थ 'मरणातून उठलेल्या वनस्पती' असा होतो. त्याचे मराठीकरण करताना 'पुनरुज्जीवन', 'संजीवनी' असे शब्द सहज येतात. पण त्या मेलेल्याच नसतात. वाळत जाताना त्यांच्या पेशी ठरावीक क्रमाने काम आवरतात. विशिष्ट साखरा आणि संरक्षक प्रथिने साठतात; पाणी गेल्यावर पेशीतील द्रव काचेसारखा घट्ट होतो आणि आतली नाजूक रचना जागच्या जागी धरून ठेवतो. उर्दूत 'नबात' म्हणजे वनस्पती आणि 'नबात' म्हणजे खडीसाखरही. हा योगायोग विद्यार्थ्यांच्या लक्षात राहण्यासारखा आहे.

आपल्या अनेक घरांत 'मरियम का पंजा' किंवा 'कफ-ए-मरियम' नावाची वाळलेली काटकुळी मूठ जपून ठेवलेली असते. हजच्या प्रवासातून कोणीतरी ती आणलेली असते आणि बाळंतपणाच्या वेळी ती पाण्यात ठेवण्याची रीत आहे. पाण्यात ती हळूहळू उघडते. हीसुद्धा 'पुन्हा जिवंत होणारी' म्हणूनच प्रसिद्ध आहे. वनस्पतिशास्त्र सांगते की मोहरीच्या कुळातले हे वाळवंटी झुडूप वर्षभरातच मरते. मेलेल्या फांद्या पाणी शोषून उलगडतात, तशी भिजलेली लाकडी फळी फुगते; जिवंत असते ते तिच्या मुठीत जपलेले बी. पाऊस पडला की मूठ उघडते आणि बी योग्य वेळी जमिनीवर येते. रीतीविषयीचा आदर आणि झाडाविषयीचे ज्ञान यांत येथे विरोध नाही. मात्र सह्याद्रीच्या कातळावरचे थांबलेले गवत आणि मरियमची मूठ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच भव्य शब्दाने झाकल्या जातात, हे लक्षात घ्यावे. पहिली तग धरते, दुसरी आपल्या संततीची सोय करून जाते.

६. 'उत्क्रांती' आणि 'इर्तिका'

'उत्क्रांती' या शब्दात वर चढण्याचा अर्थ आहे. उर्दूतील 'इर्तिका' या शब्दातही तोच. त्यामुळे साधेपासून श्रेष्ठापर्यंत एक जिना आहे आणि सजीव त्यावर चढत आहेत, असे चित्र विद्यार्थ्याच्या मनात शब्दासोबतच येते. वाळूनही टिकणाऱ्या वनस्पतींचा इतिहास या चित्रात बसत नाही. जमिनीवर आलेल्या आरंभीच्या, शेवाळासारख्या वनस्पतींत ही क्षमता असावी असे मानले जाते. आजच्या अनेक हरितांत ती आहे. पुढे उंच, नळ्यांच्या वनस्पती आल्या तेव्हा पानांतून आणि खोडांतून ती बहुतांशी नाहीशी झाली. बीजाणूंत, परागांत आणि बियांत ती उरली. मग फुलझाडांच्या काही घराण्यांत ती वेगवेगळ्या वेळी, स्वतंत्रपणे परत आली. बी कोरडे राहण्यासाठी जी यंत्रणा वापरते तीच पानांत कामाला लावून ती परत आली, असे जनुकांच्या अभ्यासातून दिसते.

यात चढण नाही. ठेवणीतली वस्तू दुसऱ्या कामाला काढणे आहे, जसे आपल्या घरांत जुन्या साडीची गोधडी होते. तसेच 'झाडाने उपाय शोधला', 'गवताने ठरवले' अशी क्रियापदेही तपासून वापरावीत. ज्या रोपांत तो गुण होता ती वाचली, त्यांची बीजे पसरली, एवढेच घडते. वाक्य थोडे लांबते, पण खोटे होत नाही.

७. हळवे, गरवे आणि तग

दुष्काळात वनस्पती तीन प्रकारे टिकतात, असे शास्त्र मानते. पहिला प्रकार, पाणी संपण्याआधीच आयुष्य उरकणे. दुसरा, असलेले पाणी राखणे. तिसरा, पाणी गेले तरी सोसणे. परिभाषेत यांना जड नावे आहेत. आमच्या भागातील, तसेच ठाणे, पालघर, कोकण पट्ट्यातील शेतकऱ्याच्या भाषेत पहिल्या प्रकाराला स्वतःचा शब्द आहे : 'हळवे' भात. वरच्या, उताराच्या, लवकर सुकणाऱ्या जमिनीत हळवे लावतात. ते पाऊस संपण्याच्या आत निसवते आणि तयार होते. खोलगट, पाणी धरणाऱ्या खाचरात 'गरवे'. मधल्या जमिनीत 'निमगरवे'. हे वर्गीकरण वाणाचे, जमिनीचे आणि पावसाचे एकत्र आहे.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणजे रानातला साग. उन्हाळ्यात तो पाने टाकतो आणि त्यामुळे पाण्याचा मोठा खर्च वाचतो. उर्दू गझलेत 'खिजां' आणि मराठी कवितेत 'पानगळ' ही बहुधा उदासीची खूण असते. कवितेचा तो हक्क आहे. विज्ञानाच्या तासाला मात्र पानगळ ही काटकसर आहे. रोजच्या रोज हेच काम पर्णरंध्रे करतात. मूळ कोरडे पडू लागले की ॲब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक वाढते आणि पानांवरची ही सूक्ष्म छिद्रे मिटतात. पाणी वाचते, पण त्याच छिद्रांतून येणारा कार्बन डायऑक्साइडही अडतो आणि अन्न तयार होणे मंदावते. पाणी राखावे तर वाढ थांबते, वाढावे तर पाणी जाते. ताणाचा खरा अर्थ या देवघेवीत आहे.

तिसरा प्रकार कातळावरच्या गवताचा, तो वर आलाच. पाण्याच्या टंचाईप्रमाणे पाण्याच्या अतिरेकातही थांबण्याची ही युक्ती दिसते. २००६ साली 'नेचर'मध्ये भाताच्या 'सब१ए' या जनुकाविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले. ओडिशातील स्थानिक वाणातून निवडलेल्या 'एफआर१३ए' या भातातून ते मिळाले. पुरात बुडालेले साधारण भात धडपडून उंच वाढू पाहते आणि साठा संपून मरते. हे जनुक असलेले भात वाढ आवरते, साखर वाचवते आणि सुमारे दोन आठवडे बुडून राहिले तरी पाणी ओसरल्यावर पुन्हा फुटते. 'स्वर्णा सब१' हे वाण २००९ मध्ये भारतात लागवडीसाठी आले. पाण्याखाली निमूट राहून वेळ निघू देणे, याला मराठीत 'तग धरणे' म्हणतात. यापेक्षा अचूक शब्द मला सापडत नाही.

तळेगावच्या माळावरील 'डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा' ही २०२४ मध्ये नव्याने वर्णन केलेली वनस्पतीही याच पंगतीत बसते. ती हिवाळ्यात एकदा फुलते. माळावर वणवा येऊन गेला की जमिनीखालच्या लाकडी बुडख्यातून खुजे कोंब फुटतात आणि ती मे-जूनच्या सुमारास पुन्हा फुलते. वणव्याला तिने हरवले असे लिहिण्याचा मोह होईल. बागाईतदार म्हणेल, ताण बसला आणि बहार आली.

८. एक आक्षेप आणि काही सूचना

यावर असा आक्षेप येऊ शकतो की रडणारी, लाजणारी, धीर धरणारी झाडे नसतील तर विद्यार्थी हा विषय वाचणारच नाहीत. रूपकाशिवाय विज्ञान लोकांपर्यंत जात नाही. आक्षेपात तथ्य आहे. 'जलवाहिनी', 'हळवे', 'तग' ही रूपकेच आहेत. तेव्हा प्रश्न रूपक असावे की नसावे हा नाही. रूपकाने आपल्याला झाडाकडे नेले की आपल्याकडेच परत आणले, हे पाहावे. 'पाण्याचा धागा तुटला' हे रूपक विद्यार्थ्याला नळीच्या आत नेते. 'झाड किंचाळले' हे रूपक त्याला स्वतःच्या किंचाळीपाशी आणून सोडते.

अध्यापकांनी वर्गात अशा लेखनाचा उतारा घेतला तर तीन प्रश्न विचारावेत. येथे प्रत्यक्ष काय मोजले गेले ? लेखकाने वापरलेले क्रियापद त्या मोजण्यातून निघते का ? आणि यासाठी आपल्या घरी, शेतात, बागेत कोणता शब्द आहे ? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्यांनी वाडवडिलांना विचारून आणावे. वाफसा, फुटवा, निसवणे, पोटरी, माना टाकणे, करपणे, खोडवा अशी यादी मराठीतून लवकरच तयार होईल. वारली, कोकणा, धोडिया बोलींतून आलेले शब्द तिच्याशेजारी लिहावेत, उर्दूतील समानार्थी शब्द त्यापुढे, आणि परिभाषा कोशातला शब्द शेवटच्या रकान्यात. परीक्षेत तो शेवटचा शब्द लागेलच. पण त्याच्या आधीचे रकाने भरलेले असतील तर तो पाठ करावा लागणार नाही. विज्ञान आणि भाषा या दोन विभागांनी मिळून एका सत्रात करता येण्याजोगे हे काम आहे. हळव्या आणि गरव्याचा भेद जाणणारा शेतकरी ज्या विद्यार्थ्याच्या घरी आहे, त्याला वनस्पतिशास्त्राचा पहिला धडा घरीच मिळालेला आहे, हे महाविद्यालयाने त्याला सांगितले पाहिजे.